गोळा एकच बाहेर

कार्ल आडाम पेट्री या जर्मन शास्त्रज्ञाच्या १९६२ मधील प्रबंधातून पुढे ‘पेट्री जाळे’ नावाची आकृती रूढ झाली. वर्तुळे म्हणजे जागा, रेघा म्हणजे घटना, वर्तुळांतील ठिपके म्हणजे टोकन. घटना घडली की इकडचे टोकन उचलले जाते, तिकडे पडते. एकाच वेळी चालणारी अनेक कामे या जाळ्यात मांडता येतात. संगणकशास्त्र शिकणाऱ्या पुतण्याने हे समजावून दिले तेव्हा ‘टोकन’ ऐकून आम्ही चमकलो. त्या शब्दावर आमचे घर चालले होते.

आमचे वडील माळव्यात मीटरगेजच्या एकेरी मार्गावर स्टेशनमास्तर होते. त्यांच्या रात्रपाळीत आईला झोप येत नसे. दोन गाड्या समोरासमोर आल्या तर? वडील म्हणत, “गोळा एकच बाहेर आहे, दुसरी येईल कशी?” लगतच्या दोन स्थानकांतील यंत्रे विजेने परस्परांशी जखडलेली असत. एक गोळा निघाला की तो पुन्हा आत पडेपर्यंत कोणत्याच टोकाला दुसरा निघत नसे, आणि गोळा हाती आल्याखेरीज ड्रायव्हर त्या सेक्शनात शिरत नसे. कोणत्याही घटनेने न बदलणारी अशी एक गोष्ट सापडली, की बाकीच्या शक्यता मोजण्याचे कारणच उरत नाही. वडिलांनी हे कोणत्या पुस्तकात वाचले नव्हते.

अशी गोष्ट सापडली नाही तर मात्र प्रत्येक स्थिती तपासणे आले. प्रत्येक जागेत फार तर एकच टोकन धरले, तरी ३० जागांच्या १०७ कोटींहून अधिक स्थिती संभवतात. टोकनांना मर्यादाच नसेल तर त्या अनंत. अमुक एक नेमकी स्थिती कधी येईल का, हे ठरविण्याची रीत आहे, असे एर्न्स्ट मायर यांनी १९८१ मध्ये सिद्ध केले. पण तिचा खर्च? तो आकरमान-फलनाच्या वेगाने वाढतो आणि त्याहून स्वस्त रीत संभवतच नाही, हे २०२१ मध्ये ठरले. या फलनात ४ आणि २ हे आकडे घातले तर उत्तर १९,७२९ अंकी येते!

आईचा प्रश्न मात्र नेमक्या स्थितीचा नव्हता. एका सेक्शनात किमान दोन टोकने जमतील का, एवढाच तो होता. असल्या प्रश्नाला घातांकी वेगाने वाढणारी स्मृती पुरते, असे चार्ल्स रॅकॉफ यांनी १९७८ मध्ये दाखविले. रिचर्ड लिप्टन यांच्या १९७६ मधील सिद्धतेनुसार तिच्याहून कमीत भागतही नाही. ही मागणीही लहान नव्हे. परंतु आकरमानापुढे ती आम्हांस अगदी घरगुती वाटते.