गोंधळ अर्ध्या तासात होत नसतो

चि. बाळ,

तुझं पत्र काल दुपारी आलं. तुझी काकू म्हणाली, रागाच्या भरात उत्तर लिहू नका, म्हणून रात्र जाऊ दिली. नातवाचं लग्न ठरल्याचा आनंद आहेच, होणाऱ्या सूनबाईला माझा आशीर्वाद सांग. पण पत्रिकेवर छापायला आई तुळजाभवानीची आख्यायिका 'चार ओळींत' हवी, गोंधळ हॉलवर रिसेप्शनच्या आधी अर्धा तास, आणि हॉलवाले जाळ करू देत नाहीत म्हणून दिवटी बॅटरीची! अरे, दादा असते तर हे लिहायला तुझा हात धजला असता का?

आधी आख्यायिका. देवीनं शिवरायांना तलवार दिली, तेवढंच छापू म्हणतोस. छाप. पिढ्यान् पिढ्यांची श्रद्धा आहे ती, आणि महाराजांची भक्ती तर १६६१ साली त्यांनी प्रतापगडावर भवानीची स्थापना केली त्यातूनच दिसते. पण देवी यमुनाचलावर आली ती त्याच्या कितीतरी आधी, आणि आली ती एका एकट्या बाईच्या हाकेला. कर्दम ऋषी गेले, पदरात लहान मूल, म्हणून अनुभूतीला सती जाता येईना. ती तपाला बसली. कुकुर दैत्यानं तिच्यावर हात टाकला, तिनं देवीचा धावा केला आणि देवी धावत आली. दैत्यानं रेड्याचं रूप घेतलं, देवीनं त्याला मारलं आणि अनुभूतीच्या विनंतीवरून त्याच डोंगरावर राहिली. तुळजामाहात्म्यातली ही कथा आपल्या आजीला तोंडपाठ होती. देवीच्या मूर्तीशेजारी तपश्चर्या करणारी अनुभूतीही कोरलेली आहे. एवढ्या गर्दीत दर्शनाला दोन क्षण मिळतात, तिकडे कुणाचं लक्ष जातं? पुढच्या वेळी मुद्दाम बघ. माझं म्हणणं, पत्रिकेवर अनुभूतीचं नाव आलंच पाहिजे.

आता तू विचारलंस, देवी झोपते म्हणजे काय? तुळजापूरची मूर्ती चल आहे. वर्षातून तीनदा ती सिंहासनावरून उचलून पलंगावर निजवतात. भाद्रपद वद्य अष्टमीपासून अमावास्येपर्यंत घोरनिद्रा, घटस्थापनेला देवी पुन्हा सिंहासनावर. नऊ दिवस युद्धाचे. दसऱ्याचं सीमोल्लंघन झालं की कोजागिरीपर्यंत श्रमनिद्रा. पौषात शाकंभरी नवरात्राच्या आधी मोहनिद्रा. लढून दमलेल्या आईला विसावा द्यायचा, हा विचार ज्यांनी केला ती माणसं किती मायेची असतील! जगाची आई म्हटलं म्हणून तिनं अहोरात्र उभंच राहायचं का? आपल्याकडच्या बायकांना श्रमनिद्रा कुणी दिली, हेही एकदा मनाला विचार. लग्नघरात तर मुळीच मिळत नाही. सौ.ला या धावपळीत जप, तिचं गुडघ्याचं दुखणं मला माहीत आहे.

आणि तो पलंग कुठून येतो? पुणे जिल्ह्यातल्या घोडेगावात तो घडतो, नगरजवळच्या बुऱ्हाणनगरहून पालखी येते. तेली समाजाकडे हा मान आहे. सुतारानं घडवायचं, गावोगावच्या लोकांनी वाटेत दर्शन घेऊन खांदा द्यायचा, मग दसऱ्याच्या रात्री सगळं तुळजापुरात पोचायचं. देवीला साड्यांत लपेटून पालखीत ठेवतात, कुंकवाची उधळण होते आणि पहाटे सीमोल्लंघन. जुना पलंग, जुनी पालखी होमात जाते, दरसाल सगळं नवं. म्हणजे दरसाल त्या सगळ्यांना पुन्हा कामाला लागावंच लागतं. बाळ, मला सांगायचंय ते हेच. देवस्थान टिकतं ते या हातांमुळे. एका वर्षी एकानं म्हटलं, 'यंदा तयार पलंग विकत आणू', की साखळी तुटली.

आपल्या घरच्या साखळीत गोंधळी आहेत. कदमराई गोंधळी, तुळजाभवानीचे. ते चौक मांडतात, घट बसवतात, संबळ-तुणतुण्यावर आधी गावोगावच्या दैवतांना नावानं बोलावतात. तुळजापूर, कोल्हापूर, माहूर, जेजुरी, पंढरपूर. कुणी राहता कामा नये. मग आख्यान, शेवटी पेटता पोत आणि आरती. सगळी दैवतं येऊन बसेपर्यंतच तुझा अर्धा तास संपलेला असेल. आणि दिवटीत तेल घालायचं असतं रे! ते तेल घरच्या माणसांनी घालायचं. बॅटरीत काय घालणार? तुझ्या मुंजीच्या वेळी पहाटेपर्यंत गोंधळ चालला, तू आत्याच्या मांडीवर झोपलास आणि पोताला उठवलं म्हणून रडलास, हे विसरलास का?

आपल्या गोंधळीबुवांचा मुलगा आता कारखान्यात नोकरीला आहे. सुट्टी काढून वडिलांच्या मागे तुणतुणं धरतो. परवा भेटला तेव्हा म्हणाला, लोक आता दोन गाणी म्हणा आणि फोटोपुरतं संबळ वाजवा म्हणतात. त्याच्या मुलानं हे शिकावं कशासाठी? आख्यानं कागदावर नाहीत, त्या दोघांच्या गळ्यात आहेत. ही काळजी मला रात्री झोपू देत नाही, आणि त्यात आमच्याच घरचं हे पत्र!

तेव्हा ऐक. हॉलवर रिसेप्शन, बँड, जेवण काय करायचं ते कर, मी अवाक्षर काढणार नाही. गोंधळ मात्र लग्नानंतर गावच्या घरी, अंगणात, रात्रभर घाल. चौकासाठी ज्वारीची ताटं आणि दिवटीचं तेल मी बघतो. गोंधळ्यांना पोटभर जेवण, मानाचा शेला आणि चांगली बिदागी दे. घासाघीस केलेली मला चालणार नाही. नव्या जोडप्याच्या हातून दिवटीत तेल पडू दे. बुवांना आजच कळवायचंय, तर तारीख उलट टपाली कळव.

तुझा,
काका