धाव, डांबर आणि चिखल

आषाढातला पहिला दमदार पाऊस होऊन गेला, की रायपूरच्या आसमंतातील खेड्यांत, आरंगकडे काय किंवा अभनपूरकडे काय, डांबरी रस्त्यावर एक विशिष्ट खूण उमटू लागते. थोड्या थोड्या अंतराने पडलेल्या आडव्या खाचांची ती दुहेरी ओळ असते. कोणी पहारीने मोजूनमापून ठोकावी तशी. एका बांधीच्या उतारापाशी ती रस्त्यावर चढते आणि पुढे कोठेतरी दुसऱ्या बांधीत उतरते. भाताच्या शेतात चिखलणी करण्यासाठी ट्रॅक्टरला जी लोखंडी पिंजऱ्याची चाके जोडतात, त्यांची ही खूण. छत्तीसगढी शेतकरी चिखलणीला मताई म्हणतो. चाकाला मात्र तो आणि भंडारा-गोंदियाकडचा मराठी शेतकरी, दोघेही केजव्हील असेच म्हणतात. शेतासाठी घडवलेले चाक पक्क्या रस्त्यावर आले म्हणजे हानी होते का, आणि होत असेल तर ती कोणाची, हा प्रश्न या खुणेत आहे. तो केवळ यंत्रशास्त्राचा नाही.

जगाच्या सधन भागांत हाच प्रश्न क्वाड बाइक नावाच्या चारचाकी दुचाकीविषयी विचारला जातो. (‘चारचाकी दुचाकी’ हा वदतोव्याघात खरा, पण मोटारसायकलीचे आसन व हातदांडे आणि चार फुगीर चाके असलेल्या या वाहनाला दुसरे काय म्हणावे?) माती, वाळू, चिखल यांवर चालण्यासाठी ते केलेले असते. त्याच्या टायरमधील हवेचा दाब मोटारीच्या टायरच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याइतका अल्प असतो, म्हणजे टायर जमिनीवर पसरतो आणि त्याचे जाड उंचवटे मातीत रुततात. शिवाय पुष्कळशा क्वाडांची मागची दोन चाके एकाच अखंड आसाला घट्ट बसवलेली असतात. वळताना बाहेरच्या चाकाला अंतर अधिक कापावे लागते, आतल्याला कमी. दोन्ही मात्र सारखीच फिरतात. हा हिशेब माती सांभाळून घेते. एक चाक किंचित घसरते आणि भागते. डांबर असे काही सांभाळून घेत नाही. तेव्हा टायरचे उंचवटे झिजतात, आसाला पीळ बसतो, वाहन वळायला कुरकुरते आणि वेगात असेल तर उलटण्याकडे झुकते. म्हणूनच ते बनवणारेही पक्क्या रस्त्यावर नेऊ नका असे बजावतात. सावकाश रस्ता ओलांडण्याने काही बिघडत नाही. मैलोगणती दामटले तर बिघडते. रस्त्याला मात्र तीनशे-चारशे किलोच्या या वाहनाचे काहीच वाटत नाही. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात झालेल्या प्रदीर्घ रस्ता-परीक्षणातून असे दिसले की आसावरचा भार दुप्पट झाला तर रस्त्याची झीज साधारण सोळा पटींनी वाढते. त्या मापाने क्वाड म्हणजे रस्त्याच्या पाठीवरची माशी.

चाक आणि जमीन यांच्यामध्ये कोणीतरी नमते घ्यावे लागते, एवढेच याचे तात्पर्य. शेतात माती नमते. माती काढून घेतली, की जो दुबळा असेल तो झिजतो. क्वाडच्या बाबतीत तो रबर आहे. केजव्हीलच्या बाबतीत तो रस्ता आहे.

रायपूरला हा संघर्ष नवा नाही. भोसल्यांच्या अमदानीपासून नागपूर आणि छत्तीसगढ एका वाटेने बांधलेले होते, आणि ती वाट बैलगाडीची होती. १८७७ मध्ये, रायपूरला रेल्वे पोहोचण्यापूर्वी, पुढे स्वामी विवेकानंद म्हणून विख्यात झालेला किशोर नरेंद्रनाथ वडिलांकडे रायपूरला आला, तो प्रवासाचा शेवटचा मोठा टप्पा अरण्यातून बैलगाडीने ओलांडून. ती गाडी ज्या चाकांवर चालते त्यांची रचना पाहण्याजोगी आहे. तुंबा, आरे, पुठे असे सगळे लाकडी. आणि त्यावर लोहाराने तापवून चढवलेली व पाणी ओतून आवळलेली लोखंडी धाव. ही दोन्ही चाके स्थिर आसावर परस्परांपासून स्वतंत्र फिरतात, त्यामुळे वळणावर क्वाडची जी ओढाताण होते ती साध्या गाडीची होत नाही. तिचा दोष निराळा. दोन-तीन बोटे रुंदीच्या धावेवर सबंध भार एकवटतो आणि तो जिथे टेकतो तिथे खडी दळली जाते.

येथे इतिहासाने एक गंमत केली आहे. इंग्लंडमध्ये १७५३ च्या कायद्याने गाड्यांची चाके रुंद करायला लावली होती, कारण अरुंद चाके रस्ते कापतात अशी तक्रार होती. पुढे मॅकॅडमने उलट भूमिका घेतली : रस्ता वाहतुकीला साजेसा बांधावा, वाहतुकीला रस्त्यासाठी वेठीस धरू नये. त्याच्या खडीच्या रस्त्यावर लोखंडी धाव पूर्णतः वैरीण नव्हती. ती दगड दळत असे, पण त्याच पिठाने खडीतल्या फटी बुजत आणि रस्ता जमून येई. विसाव्या शतकाच्या प्रारंभी वेगवान मोटारीच्या रबरी चाकांनी तेच पीठ शोषून हवेत उधळले, खडी मोकळी झाली, आणि धूळ बसवण्यासाठी डांबर आले. म्हणजे खडीच्या रस्त्याला मोडणारी रबरी चाके होती. डांबर पडल्यानंतर न्याय बदलला आणि अपराधी ठरली ती धाव.

भारतात हा बदल ज्या समितीच्या काळात घडला तिचे अध्यक्ष मराठीच होते. पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू म्हणून आणि तेथील ग्रंथालयाच्या नावामुळे साहित्याच्या विद्यार्थ्यांना परिचित असलेले मुकुंदराव जयकर १९२७ मध्ये नेमलेल्या रस्ते विकास समितीचे प्रमुख होते. तिच्या शिफारशीवरून १९२९ मध्ये पेट्रोलवरील जादा कराचा मध्यवर्ती रस्ता निधी उभा राहिला. मोटारीने पैसा द्यावा आणि मोटारीने रस्ता मागावा, हे त्यातून ओघानेच आले. १९४३ मध्ये नागपूरला मुख्य अभियंत्यांची परिषद भरली आणि देशातल्या रस्त्यांची प्रतवारी ठरली. त्या वेळी नागपूर ही ज्या प्रांताची राजधानी होती त्यातच रायपूर होते. ते १९५६ पर्यंत. त्या प्रतवारीत खेड्याचा रस्ता अगदी शेवटी आला. रायपुरातल्या जी. ई. रोडच्या नावात जुन्या ग्रेट ईस्टर्न रोडची आद्याक्षरे अजून टिकून आहेत. बैलगाडीची आठवण मात्र कोणत्याही नावात नाही.

ती भाषेत आहे. ‘चाकोरी’ हा शब्द मराठी समीक्षेने वापरून इतका गुळगुळीत केला आहे की चाकोरीबाहेरचा लेखक म्हटले की स्तुती झाली असे समजतात. चाकोरी म्हणजे गाडीच्या चाकांनी जमिनीत पाडलेली घळ, हे या स्तुतीत कोणाला आठवत नाही. गाडीवानाला चाकोरी ही मोठी सोय होती. रात्री तो साटीवर डोळे मिटून पडे आणि बैल चाकोरीने घर गाठत. जमिनीला चाकाने केलेली हानी म्हणजेच वाट. मातीत पडलेल्या खुणेला आपण चाकोरी म्हणतो, डांबरात पडलेल्या खुणेला नुकसान. आणि तसे म्हणणे बरोबरही आहे, कारण माती पुढच्या पावसात सावरते, डांबर सावरत नाही.

छत्तीसगढ राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी झाले आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली. पिढ्यान्‌पिढ्या पावसाळ्यात तुटून पडणाऱ्या गावांना प्रथमच बारमाही रस्ता मिळाला. हा रस्ता पावणेचार मीटर रुंद, वर्दळ कमी असेल तेथे तीनच मीटर. वर डांबराचा पातळ थर, आणि दोन्ही बाजूंना लगेच बांधी. ज्याने त्याची वाट पाहिली त्याच्याच ट्रॅक्टरने तो फुटतो. त्याला बेपर्वा म्हणणे सोपे आहे. पिंजऱ्याची चाके काढायची म्हणजे चिखलाने माखलेला ट्रॅक्टर उचलून धरायचा, नटबोल्ट सोडवायचे, जड लोखंड पलीकडे वाहून न्यायचे आणि पुन्हा चढवायचे. ट्रॅक्टर पुष्कळदा तासाच्या भाड्याने आणलेला असतो. चाके बदलण्यात गेलेल्या तासाचे पैसे ज्याची बांधी त्याने द्यायचे. रोवणीचे दिवस तर मोजकेच. दंडाची पावती फाडणाऱ्याला हा हिशेब माहीत नसतो असे नाही, पण पावतीवर त्यासाठी रकाना नाही.

तरीही केजव्हीलची वकिली पूर्ण करता येत नाही. डांबरावर त्याच्या पट्ट्या वाकतात, जोड निसटतात, ट्रॅक्टर हाडे खिळखिळी होईपर्यंत हादरतो; मालकाची हानी होतेच, फक्त ती रस्त्याच्या हानीइतकी चटकन दिसत नाही. टायरच्या बाजूला जोडायचे आणि व्यासाने टायरहून लहान असे पिंजराचाक असते; त्यामुळे कठीण जमिनीवर भार रबरावर राहतो. रस्त्याकडेला मुरुमाची एक पट्टी सोडली असती तर पुष्कळ काम भागले असते. ती सोडण्यासाठी जी जमीन लागते ती मात्र त्याच शेतकऱ्याच्या बांधीतून जाते, आणि एवढ्यावर चर्चा थांबते.

श्रावणात खाचांत पाणी साचते, भाद्रपदात ते डांबराखाली शिरते, आणि पाऊस सरेपर्यंत कडा ढासळून खाचेचा खड्डा झालेला असतो. साधारण नोव्हेंबरात सरकारी धानखरेदी सुरू झाली, की तोच ट्रॅक्टर रबरी चाकांवर, मागे धानाच्या पोत्यांनी भरलेली ट्रॉली ओढत, त्याच रस्त्याने सोसायटीकडे निघतो. आणि दर खड्ड्यापाशी चालक वेग कमी करून, मागे वळून, पोती शाबूत आहेत ना ते पाहून घेतो.