मोहर्लीच्या गेटातून दोनदा

दुबईला असलेले आमचे मेहुणे एकदा जहाजाने समुद्र फिरून आले. एक फेरी संपल्यावर बाकीचे प्रवासी उतरले आणि हे त्याच जहाजावर पुढच्या फेरीला थांबले. तीच बंदरे, तेच पाणी, मग दुसऱ्यांदा काय पाहिले, असे अम्मीने फोनवर विचारले. ते म्हणाले, "पहिल्या फेरीत जेवणाची खोली शोधण्यातच वेळ गेला, अम्मी." तेव्हा आम्ही खूप हसलो होतो. या मे महिन्यात ताडोबात आम्ही तेच केले. मोहर्लीच्या एकाच गेटातून सकाळी एक सफारी आणि दुपारी दुसरी.

घरात यावरून थोडी कुरबुर झाली. एका जिप्सीत सहा माणसे बसतात. आम्ही दोघे, मुले दोन, पुतण्या आणि अम्मी, म्हणजे गाडी भरली. पण गाडी, गाईड आणि प्रवेश यांचे पैसे प्रत्येक फेरीला वेगळे भरावे लागतात. आपा स्पष्टच म्हणाल्या, ही फिजूलखर्ची आहे, एवढ्या पैशात पोरांच्या वर्षाच्या वह्या-पुस्तकांचे निघाले असते. शिक्षकाच्या घरात हा हिशेब खोटा म्हणता येत नाही. तरी बुकिंग केले, कारण हट्ट अम्मीचा होता.

अब्बा मरहूम ऐन उन्हाळ्यात आलापल्ली, अहेरीकडे तेंदूपत्त्याच्या फळीवर मुन्शी म्हणून जात. पुडे मोजायचे, वहीत लिहायचे, महिना-दीड महिना घरी यायचे नाही. फोन नव्हते. अम्मीने अशा कितीतरी मे महिन्यांत नुसती वाट पाहिली होती. जंगल मात्र आतून तिने कधीच पाहिले नव्हते, आणि आम्ही राहतो कुठे, तर गडचिरोलीत!

गडचिरोलीहून वैनगंगेचा पूल ओलांडला की व्याहाड, सावली, मूल आणि मग चंद्रपूर. तिथून दुर्गापूरचे वीज केंद्र आणि कोळशाच्या खाणी मागे टाकत मोहर्लीकडे वळायचे. चिमण्यांचा धूर आणि वाघाचे जंगल यांच्यात इतके थोडे अंतर असेल, हे मुलांना खरे वाटेना. ताडोबा १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. पुढे अंधारी अभयारण्य जोडून १९९५ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला.

पहिली फेरी पहाटेची. फजर मुक्कामाच्या जागी पढूनच निघालो. गेटवर ओळखपत्रे अस्सल लागतात, नाव आणि कार्ड जुळले पाहिजे. मोबाइल आत नेता येत नाही. अम्मीला मधल्या ओळीत बसवले, कारण मागच्या सीटवर धक्के फार बसतात. चितळ, सांबर, एक रानगवा, तळ्यात मगर, आणि रस्त्याच्या लाल धुळीत वाघाचे ताजे ठसे. वाघ नाही. अम्मीने चार तास समोरचा दांडा सोडला नाही. गोंड राजांच्या काळचे दगडी खांब गाईडने दाखवले, तेही तिने धड पाहिले नाहीत.

सलग दोन फेऱ्या करणाऱ्यांनी मधल्या वेळेचा विचार आधी करावा. आत थांबता येत नाही, सगळ्यांना गेटबाहेर यावे लागते. दुपारी पुन्हा तीच रांग, तीच तपासणी, आणि गाईड मात्र नंबराप्रमाणे दुसरा. चंद्रपूरचे ऊन तुम्हाला सांगायला नको. त्या चार-पाच तासांसाठी सावलीची खोली आधीच ठरवा. कोंबडी कुणी कापली हे विचारत बसण्यापेक्षा आम्ही वरण-भात सांगितला. रोट्या आणि लोणचे घरचे होते. खिमा नेला असता तर त्या उन्हात टिकला नसता.

जोहरनंतर अम्मी म्हणाली, "तुम्ही जा. मी इथेच पडते." कंबर दुखते का विचारले. थोड्या वेळाने बोलली, "तुझे अब्बा सांगायचे, जंगलात काही नाही, फक्त झाडं आहेत. सकाळी ते ठसे पाहिले. ते माझ्याशी खोटं बोलायचे."

यावर काय बोलावे ते आम्हाला सुचले नाही. धाकटीने तिच्या चपला आणून पायाशी ठेवल्या, तेव्हा उठली.

दुपारची गाईड मोहर्लीचीच एक बाई होती. खाकी कपडे, गळ्यात दुर्बीण. सकाळचाच रस्ता उलट्या बाजूने लागला आणि उजेड फिरल्यामुळे ओळखू येईना. दुपारी जनावरे पाण्याकडे येतात, म्हणून ती एका पाणवठ्याजवळ गाडी थांबवून बसली. तिथे अम्मीने तिला विचारले, घरी कोण वाट पाहते. बाईने सांगितले, सासूबाई. दीर मोह वेचायला गेला होता, तो परत आला नाही, तेव्हापासून रोज संध्याकाळी त्या दारात बसतात. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाने मारल्या, ते आम्ही पेपरात वाचले होते. पेपरातले वाचणे वेगळे.

"तरी याच वाघावर पोट?" अम्मीने विचारले.

"हो, आजी. दुसरं काय आहे इथे?"

वाघीण आली ती नंतर. पाण्यात मागे-मागे सरकत बसली, पाचेक मिनिटे. मुलांनी श्वास रोखला होता. अम्मीने दांडा सोडून दोन्ही हात मांडीवर ठेवले होते.

अस्रची घाई झालीच. जिप्सीतून मनाला येईल तिथे उतरता येत नाही आणि मे महिन्यातही गेटवर पोहोचेपर्यंत सूर्य खाली गेलेला असतो. वजू करून निघा, चटई गाडीत ठेवा. गेटबाहेर आम्ही मगरिबच्या थोडे आधी अस्र पढलो. तोवर ती बाई अम्मीच्या चपला धरून उभी होती.

निघताना अम्मीने उरलेल्या रोट्या तिला बांधून दिल्या आणि विचारले, "उद्या सुट्टी?"

"उद्या दोन फेऱ्या आहेत, आजी. मंगळवारी सुट्टी."