बरे झाल्यानंतर

'बरे होणे' हा आपल्या भाषेत जणू पूर्णविराम आहे. माणूस बरा झाला की आजाराचे नावही घरात उच्चारू नये, असा संकेत असतो. माझ्या भाचीच्या बाबतीत तेच घडले. नवव्या वर्षी तिच्या मांडीच्या हाडात युइंग सार्कोमा आढळला. दिल्लीत औषधोपचार झाले, किरणोपचार झाले आणि ती वाचली. पुढे गाझियाबादच्या घरी तिच्या लग्नाची बोलणी सुरू झाली, तेव्हा ताईने उपचाराची फाईल ट्रंकेच्या तळाशी ठेवून दिली. "लोकांना कशाला कळायला हवे?" एवढेच ती म्हणाली.

त्या प्रश्नामागची माया मला कळत होती. पण शरीर लोकलाजेसाठी विसरत नाही. ज्या किरणांनी गाठ जाळली, तेच भोवतीच्या निरोगी पेशींच्या गुणसूत्रांवर ओरखडे उमटवून जातात. किरण पडलेल्या त्याच जागी, बहुधा दहा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लोटल्यावर, नवा सार्कोमा उद्भवू शकतो. सायक्लोफॉस्फामाइड, इटोपोसाइड यांसारख्या औषधांनंतर काही थोड्यांना रक्ताचा कर्करोग होतो, तो बहुतांशी पहिल्या दशकातच. काही घरांत टीपी५३ या जनुकातील जन्मजात दोषही कारण ठरतो. बहुसंख्य मुलांच्या वाट्याला यातले काही येत नाही, हेही तितकेच खरे. परंतु कोणावर लक्ष ठेवायचे, हे त्या जुन्या कागदांवाचून ठरवता येत नाही.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९१ मध्ये उपचार संपलेल्या मुलांसाठी स्वतंत्र तपासणी सुरू केली, ती याच जाणिवेतून. दिल्लीच्या आसमंतात तर कुटुंबे भाड्याची घरे बदलत राहतात; मुले मोठी होतात, डॉक्टर निवृत्त होतात. मग बालपणीच्या उपचारांची साक्ष त्या फाईलीखेरीज कोण देणार?

भाचीने अखेर स्वतःच ट्रंक उघडली. कोणते औषध किती मात्रेत दिले, मांडीवर किती ग्रे किरण पडले, हे तिने डॉक्टरांकडून एका कागदावर लिहून घेतले आणि मुलाकडच्यांनाही सांगितले. ते स्थळ हुकले. ताई आठवडाभर कोणाशी बोलली नाही.

"मामा, मला घाबरायचं नाहीये, फक्त माहीत असायला हवं," भाची मला म्हणाली. बरे होणे म्हणजे आजार विसरणे नव्हे, त्याची आठवण निर्भयपणे सांभाळणे, हे मला तिच्याकडून उमजले.