वाद्यावरची हुकूमत : दहापैकी दोन

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

रविवारी सकाळी आमच्या नेहमीच्या अमृततुल्यवर जोरदार भांडण झालं. पन्नाशीला टेकलेली चार माणसं, त्यातल्या तिघांना बीपीची गोळी चालू, आणि विषय काय, तर पुढच्या रॉक फेस्टिव्हलला कोणाला बोलवायला हवं! टपरीवाल्याने दोनदा वळून बघितलं. त्याला वाटलं असणार, नेहमीप्रमाणे निवडणुकीवरून जुंपली.

झालं असं. लोलापलूझा इंडियाच्या जानेवारी २०२६ च्या पोस्टरवर सगळ्यात वर नाव होतं लिंकिन पार्कचं. त्याच्या आदल्या वर्षी, मार्च २०२५ मध्ये, ग्रीन डे पहिल्यांदा भारतात आले, ते याच फेस्टिव्हलला, मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर. म्हणजे आमच्यासारख्यांनी खूश व्हायला हवं. पण त्या पोस्टरांवर डीजे आणि इलेक्ट्रॉनिकवाल्यांचीही नावं असतात. तिथेच आमच्या एका मित्राच्या चहात माशी पडली.

"रॉक फेस्टिव्हल म्हणायचं आणि अर्धी यादी बटणं दाबणाऱ्यांची! अरे, लग्नाच्या वरातीत टेम्पोत बसतो तो पण डीजेच की. त्याला बोलवा, स्वस्तात येईल."

दुसरा म्हणाला, "गिटार धरायला शिकेपर्यंत बोटांची सालं निघतात. हे लोक लॅपटॉप उघडतात आणि हात वर करतात. यात कसब काय?"

आम्ही सगळे हसलो. मीही हसलो. पण घरी येताना ते 'कसब' डोक्यातून जाईना. कारण हाच शब्द मी एकदा एका मुलीच्या विरोधात वापरला होता, आणि तो नुसता तोंडाने नव्हे, पेनाने. ते सांगतोच. आधी आम्ही कोण ते सांगतो, म्हणजे आमचा राग कुठून येतो ते कळेल.

नव्वदच्या दशकात आम्ही पुण्याहून सकाळच्या गाडीने मुंबईला जायचो, इंडिपेंडन्स रॉकसाठी. १९८६ पासून हा कार्यक्रम सुरू होता. ऑगस्टचा पाऊस, धोबीतलावचं रंगभवन, उघड्यावरचं थिएटर, भिजलेले काळे टी-शर्ट आणि परतीच्या गाडीत बसायला जागा नाही. काळाघोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमध्ये कॅसेट नुसत्या बघायच्या, कारण विकत घ्यायला पैसे नसायचे. मग कोणाकडून तरी कॉपी करून आणायची. माझी कॉलेजात बँड होती. मी बेस वाजवायचो, आणि वाईट वाजवायचो. पण बोटांना घट्टे पडले होते, आणि ते घट्टे मी लोकांना दाखवत फिरायचो. आमच्यासाठी संगीत म्हणजे मेहनत, आणि मेहनत म्हणजे घट्टे. सोपा हिशोब.

आता या हिशोबात गडबड कुठे आहे ते बघा.

पहिली गोष्ट, 'शुद्ध रॉक' असं काही कधी नव्हतंच. लोलापलूझा सुरू झाला १९९१ मध्ये, अमेरिकेत, फिरता कार्यक्रम म्हणून. त्या पहिल्याच वर्षी यादीत रॅपर आईस-टी होता आणि यंत्रांच्या आवाजावर उभी राहिलेली नाइन इंच नेल्सही होती. ज्या लिंकिन पार्कसाठी माझे मित्र तिकिटाचे पैसे मोजायला तयार होते, त्यात पहिल्या अल्बमपासून एक माणूस तबकड्या फिरवायला आणि सँपल वाजवायला आहे. ते त्यांना चालतं, कारण शेजारी गिटार आहे. आणि ग्रीन डे? १९९४ च्या आसपास त्यांनी मोठ्या कंपनीशी करार केला, तर बर्कलीमधल्या ज्या पंक क्लबात ते वाढले, त्याच क्लबाने त्यांना दार बंद केलं. म्हणे आता तुम्ही खरे राहिला नाहीत! आज आपण त्यांना 'खऱ्या'चा पुरावा म्हणून पुढे करतोय.

दुसरी गोष्ट जरा गंभीर आहे. १२ जुलै १९७९, शिकागो. बेसबॉलच्या कॉमिस्की पार्क मैदानात, दोन सामन्यांच्या मधल्या वेळात, रॉक रेडिओच्या एका निवेदकाने डिस्कोच्या रेकॉर्डींचा ढीग स्फोटकं लावून उडवला. रॉकचे चाहते मैदानात घुसले, खेळपट्टीची वाट लागली, दुसरा सामना रद्द करावा लागला. तोंडाने ते म्हणत होते की डिस्को म्हणजे यांत्रिक, पोकळ संगीत. पण डिस्को ऐकणारे कोण होते? त्यांत मोठ्या संख्येने कृष्णवर्णीय, लॅटिनो, समलिंगीही होते. त्या रागात संगीत किती होतं आणि 'ही माणसं आमची नाहीत' हे किती होतं, हा प्रश्न तिथे आजही विचारला जातो. गंमत म्हणजे पुढच्या काही वर्षांत त्याच शिकागोच्या क्लबांत हाऊस म्युझिक जन्माला आलं. आणि २००५ पासून लोलापलूझा भरतो तोही शिकागोतच.

आता परदेश सोडा, घरी या.

बाजाची पेटी घ्या. पेटीशिवाय नाट्यसंगीत डोळ्यापुढे येतं का? भजन येतं? पण ही पेटी युरोपातून आलेली. १९४० मध्ये आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली. आक्षेप काय, तर तिचे सूर ठरलेले, तिच्यावर मींड निघत नाही, आपल्या संगीताला ती शोभत नाही. बंदी सैल व्हायला १९७१ उजाडलं. तीस वर्षं ज्या वाद्याला रेडिओवर मज्जाव होता, त्याला आज आपण परंपरा म्हणतो. आमच्या आत्याने शेवटपर्यंत इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यावर रियाज केला. डबा प्लगमध्ये खुपसायचा, बटण फिरवायचं, डोळे मिटायचे. आत्या बटण दाबते म्हणून तिचं गाणं खोटं, असं म्हणायची आमच्या घरात कोणाची हिंमत नव्हती.

आणि चरणजीत सिंग. हिंदी सिनेमाच्या स्टुडिओंत वाजवणारा हा वादक. १९८२ मध्ये त्यांनी मुंबईत रोलँडची तीन यंत्रं घेऊन एक रेकॉर्ड केली. दहा राग, आणि खाली डिस्कोचा ठेका. त्यातलं एक यंत्र म्हणजे टीबी-३०३, मुळात गिटारवाल्यांना सराव करताना साथीला बेस मिळावा म्हणून बनवलेलं. रेकॉर्ड काही चालली नाही. पाच वर्षांनी शिकागोतल्या पोरांनी त्याच यंत्रातून जो आवाज काढला, त्याला जगाने ॲसिड हाऊस म्हटलं. चरणजीत सिंगांची रेकॉर्ड २०१० मध्ये पुन्हा निघाली तेव्हा ऐकणारे चाट पडले, की हा आवाज मुंबईत आधीच निघाला होता! २०१५ मध्ये ते गेले. नव्वद साली मला कोणी सांगितलं असतं की आपल्या मुंबईत असं काही झालंय, तर मी ऐकलं असतं का? नाही. घट्टे दाखवले असते.

आता ती मुलगी.

२०१९ ची गोष्ट. एका कॉलेजच्या बँड स्पर्धेला मला परीक्षक म्हणून बोलावलं होतं. कॉलेजचं नाव सांगत नाही, कारण चूक कॉलेजची नाही, माझी आहे. सात-आठ बँड. सगळ्यांच्या त्याच चार गाण्यांच्या नकला. मध्येच एक मुलगी आली, एकटी. लॅपटॉप, त्याला जोडलेला चौकोनी बटणांचा एक पॅड, बाकी काही नाही. हॉलमधून शिट्ट्या आल्या. तिने सुरू केलं तेव्हा आधी नुसती खटखट. खटाक-खट, खटाक-खट. एकसारखी वाटणारी, पण एकसारखी नव्हती. मधूनच एक ठोका अडखळायचा. मग त्या अडखळण्यावरच तिने खालून बेस आणला, वर सनईसारखा काहीतरी लांबलेला सूर ठेवला. सहा मिनिटं. शिट्ट्या केव्हाच थांबल्या होत्या.

मी माईकवरून विचारलं, "हा ठेका कुठून डाऊनलोड केला?"

ती म्हणाली, "डाऊनलोड नाही सर. आमच्या शेडातला आवाज आहे. इचलकरंजीला वडलांचे माग आहेत. फोनवर रेकॉर्ड केला. एक माग जुना आहे, तो मध्येच अडखळतो."

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. आणि आम्ही तीन परीक्षकांनी काय केलं? गुणपत्रिकेत रकाना होता, 'वाद्यावरील हुकूमत'. मी लिहिलं, दहापैकी दोन. शेजारच्याने विचारलं, "दोन तरी कशाला?" शेरा म्हणून मी लिहिलं, "कल्पना बरी, पण वादनाचं कसब नाही." पहिला नंबर दिला एका नक्कल करणाऱ्या बँडला, कारण त्यांच्या गिटारवाल्याची बोटं भराभर चालत होती. ती मुलगी सामान आवरून आमच्यासमोरून गेली, "थँक यू सर" म्हणाली. मी मान हलवली. मोठ्या माणसासारखी.

आज वाटतं, मी ऐकलंच नव्हतं. मी फक्त बघत होतो की हात काय करतायत.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल हा म्हातारा पोरांच्या कळपात शिरायला निघालाय.

आपल्याकडे 'डीजे' या शब्दाचा अर्थच वेगळा झालाय. डीजे म्हणजे माणूस नाही, डीजे म्हणजे ट्रकवरची स्पीकरची भिंत. विसर्जनाच्या रात्री लक्ष्मी रोडच्या आसपास ज्यांच्या घरी आजारी माणूस आहे, त्यांना विचारा. माझ्या वडलांची बायपास झाली त्या वर्षी मिरवणूक दारावरून गेली तेव्हा खिडकीच्या काचा थरथरत होत्या आणि मी त्यांच्या छातीवर हात ठेवून बसलो होतो. मी स्वतः त्याविरुद्धच्या अर्जावर सही केली आहे, पुन्हा करीन. नियम सांगतो की निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, आणि दहानंतर स्पीकर बंद. त्यातही एक मेख आहे. ज्या पद्धतीने हा आवाज मोजतात, त्यात खालच्या पट्टीच्या धडधडीला कमी वजन मिळतं. म्हणजे छातीत बसणारा दणका मीटरवर जेवढा दिसतो, त्यापेक्षा अंगाला जास्त जाणवतो. यावर बोलायलाच हवं.

पण हा प्रश्न आवाजाचा आहे, संगीताचा नाही. नियम लावला तर तो गिटारलाही लागतो. आमचं लाडकं रंगभवन बंद पडलं ते डीजेमुळे नव्हे. आजूबाजूला हॉस्पिटल आणि कॉलेज, म्हणून तो भाग शांतता क्षेत्रात गेला आणि तिथला रॉकही थांबला. तेव्हा आम्ही काय ओरडलो होतो! 'यांना आमचं संगीत गोंगाट वाटतो!' आज तेच वाक्य आम्ही दुसऱ्यांना ऐकवतोय.

आणि हो, इलेक्ट्रॉनिकमध्ये भंपक लोक आहेत. आधी तयार केलेली फाईल लावून नुसते हात हलवणारे आहेत. पण प्लेबॅकवर ओठ हलवणारे गायक नाहीत का? रॉकमध्ये तीन सुरांवर आयुष्य काढणारे नाहीत का? मी होतो की! वाईट कलाकार दाखवून अख्खा प्रकार निकालात काढायचा असेल, तर एकही संगीत शिल्लक राहणार नाही.

रविवारी हे सगळं मित्रांना सांगितलं. एक जण म्हणाला, "तू फितूर झालास." दुसरा गप्प बसला आणि जाताना म्हणाला, "त्या मुलीचं पुढे काय झालं?"

मला माहीतच नव्हतं. सात वर्षांत मी विचारलंही नव्हतं. त्या वेळच्या संयोजक मुलाकडून नंबर मिळवला, दोन दिवस मेसेज लिहून खोडला, शेवटी पाठवला. मी कोण, तेव्हा काय केलं होतं, आणि चुकलो, एवढंच.

उत्तर संध्याकाळी आलं. ती आता नोकरी करते. संगीत सुटलं का विचारायचं धाडस मला झालं नाही. तिने लिहिलं होतं, "आठवतंय सर. वाईट वाटलं होतं तेव्हा, खोटं कशाला बोलू. पण ती फाईल जपून ठेवलीय. करोनानंतर पप्पांनी माग विकले, भंगारात गेले. शेड रिकामी आहे. पप्पांना कधी झोप आली नाही तर ते म्हणतात, लाव गं ते आपलं. अडखळणारा माग आला की म्हणतात, सात नंबर."

मी हे वाचून बराच वेळ फोन हातात धरून बसलो.

आता माझं म्हणणं एवढंच आहे. पुढच्या दोन-तीन महिन्यांत कॉलेजांची गॅदरिंग सुरू होतील, बँडच्या स्पर्धा होतील. ही पोस्ट वाचणाऱ्यांपैकी कोणी प्राध्यापक असेल, संयोजक असेल, माझ्यासारखा हौशी परीक्षक असेल, तर गुणपत्रिकेतला तो रकाना एकदा बघा. 'वाद्यावरील हुकूमत' खोडा, आणि तिथे लिहा, 'आवाजातून काय केलं'. गिटारवाल्याचं त्यात काही नुकसान नाही. चांगला असेल तर तो तिथेही गुण घेईलच.

आणि लाईनअपवरून भांडायचं तर खुशाल भांडा. आम्हीही येत्या रविवारी भांडणारच आहोत. फक्त आधी ऐका, मग भांडा. मी उलटं केलं होतं.