पानांचा रंग पेरताना

पुण्याहून सोलापूरमार्गे हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६५ नळदुर्ग मागे टाकून उमरग्याच्या दिशेने निघाला की जळकोट लागते. तुळजापूर तालुक्यातले हे गाव काळ्या जमिनीचे, बेताच्या पावसाचे. याच रस्त्यावर पुण्याच्या अंगाला सोरतापवाडी, उरुळी कांचनच्या रोपवाटिका आहेत आणि तिथे कोलियसची तयार कुंडी सहज मिळते. पण ती कुंडी फांदी खोचून केलेली असेल, तर तिच्या पानाचा रंग आधीच ठरलेला असतो. बियांतून उगवणाऱ्या कोलियसचा रंग ठरायचा असतो, आणि तो ठरताना बघायला मिळतो.

कोलियस तुळशीच्या कुळातले. लिनियसने १७६३ मध्ये त्याची नोंद तुळशीच्याच प्रजातीत केली होती. पुढे शास्त्रीय नाव अनेकदा बदलले, तरी नाते लपत नाही. खोड चिमटीत धरले की चारही कडा बोटांना लागतात, पाने समोरासमोर जोडीने येतात, शेंड्याला मंजिऱ्या धरतात. भज्यांसाठी लावलेला पानओवा तर त्याच्याच प्रजातीतला.

मूळ मात्र आग्नेय आशियापासून उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंतचे, दमट हवेतले. जळकोटकडचा उन्हाळा चाळीस अंशांपुढे जातो, तेव्हा पेरण्यात अर्थ नाही. मृगाचे एकदोन पाऊस होऊन हवा निवली की मुहूर्त धरावा; या बियांना वीस ते पंचवीस अंशांची ऊब मानवते.

बी राजगिऱ्याहून बारीक. एका ग्रॅममध्ये साडेतीन हजारांच्या आसपास दाणे भरतात. काळी माती ओली झाली की चिकटते, वाळली की भेगाळते. एवढ्याशा जिवाला ती झेपत नाही. त्यापेक्षा टोमॅटो-मिरचीच्या रोपांचा प्रो-ट्रे घ्यावा, त्यात कोकोपीट आणि चाळलेले गांडूळखत भरावे. ज्वारी-तूर पेरणाऱ्या हाताला बी मातीआड करायची सवय असते. इथे ती मोडावी लागते, कारण कोलियसच्या बीला रुजायला उजेड हवा. बी नुसते वर भुरभुरायचे आणि तळहाताने अलगद दाबायचे. वरून झारी धरली तर दाणे वाहून एका कोपऱ्यात गोळा होतात. म्हणून ट्रे परातीतल्या पाण्यात ठेवावा, ओल खालून चढू द्यावी. बोअरचे पाणी खारे असेल तर पत्र्यावरून पडणारे पावसाचे पाणी धरून ठेवलेले बरे.

दहा-पंधरा दिवसांत टाचणीच्या डोक्याएवढी दोन-दोन पाने वर येतात. सगळी हिरवी, सगळी सारखी. हा काळ सर्वांत नाजूक. ओल साचली, वारा कोंडला की बुरशी बुडाशी धरते आणि काल ताठ असलेली रोपे आज आडवी झालेली दिसतात. रोपे कोलमडणे म्हणतात ते हेच. दाटी विरळ करणे, वारा खेळता ठेवणे हाच त्यावरचा पहिला उपाय.

मग दातेरी कडेची खरी पाने फुटतात. एखाद्या रोपाच्या शिरेला जांभळी झाक येते. शेजारच्याच्या पानात मधोमध किरमिजी डाग उमटतो आणि कडेला पोपटी किनार उरते. लाल-जांभळा रंग अँथोसायनिनचा; हरितद्रव्य कमी पडते तिथे पिवळे-पांढरे दिसते. मिश्र बियाणे असेल तर एकाच पाकिटातली दोन रोपे सहसा तंतोतंत जुळत नाहीत. म्हणूनच मरतुकडे वाटणारे रोपही घाईने उपटू नये. रंग कधीकधी त्याच्यातच उशिरा आणि देखणा येतो.

पानांच्या तीन-चार जोड्या झाल्या की शेंडा खुडावा, म्हणजे बगलेतून फांद्या फुटून झाड भरदार होते. कुंडी सकाळचे कोवळे ऊन मिळेल अशी ओसरीवर ठेवावी; दुपारच्या उन्हात पाने करपतात. मंजिऱ्या आल्या की त्याही खुडाव्यात, कारण त्या धरल्या की झाड पानांकडे पाठ फिरवते. फक्त एका झाडाच्या राखाव्यात. त्या तपकिरी होऊन वाळल्या की कागदावर झटकाव्यात. पुढच्या वर्षीचे बी त्यातच मिळते. मधमाश्यांनी परागांची सरमिसळ केलेली असते, त्यामुळे आईसारखेच पान येईल याची खात्री नसते. एखादे पान फारच मनात भरले तर त्याची फांदी पाण्यात ठेवावी, मुळे लवकर सुटतात.

यंदा मृगात एक ट्रे कोलियससाठी राखून ठेवा. चिमूटभर बियांत सगळ्या आळीला पुरतील एवढी रोपे होतात.