फडावरची शिकवणी

दिवाळी सरते, भवानीनगरच्या छत्रपती कारखान्यात मोळी पडते आणि बारामती-इंदापूर रस्त्यावर उसाच्या गाड्यांची ये-जा सुरू होते. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, पाथर्डीकडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या या पट्ट्यात उतरतात. अंथुर्ण्याच्या आसपासच्या मोकळ्या रानांत त्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, उभ्या राहतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यांनी मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत फड सोडता येत नाही. आई-बापांमागं लेकरंही येतात. मागं ठेवायची तर कुणाजवळ, हा प्रश्न गावाकडंच सुटलेला नसतो.

ही मुलं शाळेत यावीत आणि आली की टिकावीत, यासाठी झटणाऱ्या माणसांना तयार करणं हे माझं काम आहे. आपल्याकडं 2017च्या सुमारास शिक्षण विभागानं अशा शिक्षकांना ‘बालरक्षक’ म्हणायला सुरुवात केली. शहरातल्या शाळांत याच कामाला शालेय समाजकार्यकर्ता किंवा केस मॅनेजर म्हणतात. हुद्दा कुठलाही असो, एका मुलाचं शाळेत टिकणं कशावर अडलंय ते शोधायचं, ते सोडवू शकणारी माणसं एकत्र आणायची आणि प्रश्न मिटेपर्यंत पाठ सोडायची नाही, एवढं हे काम आहे. सांगायला दोन वाक्यं पुरतात. अंगी बाणायला मात्र सोबतीनं केलेला एक अख्खा हंगाम लागतो.

कायदे हॉलमध्ये बसून शिकवता येतात आणि ते शिकवलेच पाहिजेत. शिक्षणहक्काचा कायदा 2009चा, लागू झाला 1 एप्रिल 2010ला. त्यानुसार मुलाला वयाप्रमाणे वर्गात बसवायचं असतं. दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे. हे सगळं पाठ असलेला माणूसही कोपीच्या दारात पोचल्यावर पहिलं वाक्य चुकीचं बोलतो. “मुलीला शाळेत का पाठवत नाही?” असं विचारलं की आई मान खाली घालते, चुलीत फुंकर घालते आणि भेट तिथंच संपते.

म्हणून नव्या माणसाला मी संध्याकाळी नेते. कोयता परत आलेला असतो, भाकरी थापणं चाललेलं असतं. मुकादम बसलेला असेल तर आम्ही पुढच्या कोपीकडं वळतो, कारण उचल देणाऱ्यासमोर कुणी मोकळं बोलत नाही. जमिनीवर बसायचं, चहा पुढं आला तर घ्यायचा, फाईल उघडायची नाही. गाव कुठलं, औंदा पाऊस कसा झाला, म्हाताऱ्या माणसांजवळ कोण आहे, हे आधी विचारायचं. शाळेचा विषय बहुतेक वेळा आईच काढते. पहिल्या काही भेटींत बोलायचं मी आणि ऐकायचं शिकणाऱ्यानं. मग उलट: बोलायचं त्यानं आणि गप्प बसायचं मी. शिकवणाऱ्याला हे गप्प बसणं फार जड जातं, पण ते केल्याशिवाय समोरचा तयार होत नाही.

परतल्यावर लिहायचं. कागदाचे तीन भाग: पाहिलं, ऐकलं, वाटलं. अर्धी शिकवणी या कागदावर होते. एका तरुण शिकाऊ मुलीनं तिसरीतल्या एका विद्यार्थिनीबद्दल लिहिलं होतं, “सकाळी हजर, पोषण आहारानंतर पळून जाते. अभ्यासाची गोडी नाही. पालक उदासीन.” मी विचारलं, “यातलं तू डोळ्यांनी काय पाहिलंस?” ती थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, “ताई, हजेरीपट तेवढा पाहिला.” बाकीची दोन वाक्यं तिनं स्वतःच ‘वाटलं’मध्ये नेऊन टाकली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आम्ही शाळेच्या फाटकाशी थांबलो. त्या पोरीनं खिचडी संपवली, ताटली धुतली, दप्तर खांद्याला अडकवलं आणि तडक अंगणवाडी गाठली. तिथून चार वर्षांच्या भावाला घेतलं. तो थोडा चालला, मग अडून बसला, तेव्हा कडेवर घेतलं. कोपीशी पोचल्यावर तिनं हंड्यातलं पाणी त्याला पाजलं आणि त्याला सावलीत घेऊन बसली. आसपासच्या सगळ्या कोप्या रिकाम्या होत्या. संध्याकाळी आई म्हणाली, “अंगणवाडी दुपारीच सुटती. लेकराला कुणापशी ठिवू, बाई? दिवसाची समदी फडात असत्यात.”

अंगणवाडी आणि शाळा यांच्या सुटण्याच्या वेळांत काही तासांचं अंतर होतं. ती मुलगी रोज त्याच अंतरात शाळेतून गळत होती. गोडीचा प्रश्नच नव्हता.

पुढचं सगळं शिकाऊ मुलीनं केलं. मी फक्त बरोबर होते. अंगणवाडी सेविका, मुख्याध्यापक आणि आई यांना तिनं एकत्र बसवलं. अंगणवाडी सुटल्यावर भावाला शाळेपर्यंत पोचवायचं सेविकेनं कबूल केलं. तो बहिणीशेजारी बसेल, याला मुख्याध्यापकांनी होकार दिला. पहिल्या दुपारी पोरगा बस्करावरच झोपून गेला आणि बहीण शेवटच्या घंटेपर्यंत वर्गात राहिली. कोण काय करणार, कधीपासून करणार आणि पुन्हा कधी भेटायचं हे कागदावर उतरलं, तेव्हाच आम्ही त्या बैठकीला केस कॉन्फरन्स म्हणालो.

ही रीत काही आजची नाही. मेरी रिचमंड यांनी 1917 साली ‘सोशल डायग्नोसिस’मध्ये एका कुटुंबाची माहिती कशी गोळा करावी आणि पारखून घ्यावी, याची शिस्त घालून दिली. मुंबईत 1936 साली टाटांच्या देणगीतून समाजकार्याचं शिक्षण सुरू झालं, पुण्यात 1963 साली कर्वे समाजसेवा संस्था आली. क्षेत्रकार्य हा या शिक्षणाचा कणा मानला जातो. बालरक्षक होणाऱ्या शिक्षकाच्या वाट्याला मात्र क्षेत्रकार्य फारच थोडं येतं. त्याला माहिती मिळते, पण सोबत मिळत नाही.

सोबत सर्वांत जास्त लागते ती मूल एखादी अवघड गोष्ट सांगतं तेव्हा. “कुणाला सांगणार नाही ना?” असं मूल विचारतं आणि नवा माणूस मायेनं “नाही” म्हणून बसतो. असं वचन देता येत नाही. लैंगिक अत्याचाराची माहिती कळवणं 2012च्या पॉक्सो कायद्यानं बंधनकारक केलं आहे. म्हणून आम्ही समोरासमोर बसून ही वाक्यं मोठ्यानं म्हणण्याचा सराव करतो: “तू मला सांगितलंस हे फार चांगलं केलंस. तुला जपण्यासाठी मला हे काही मोठ्या माणसांना सांगावं लागेल. कुणाला सांगतेय ते आधी तुला सांगेन.” सुरुवातीला आवाज कापतो. तो कापायचा थांबेपर्यंत सराव चालतो. 1098 हा मुलांसाठीचा मदत क्रमांक, बालकल्याण समितीकडं जायची वाट, बालविवाहाची कुणकुण लागली तर प्रतिबंधक अधिकारी म्हणून ग्रामसेवकावर असलेली जबाबदारी, हे ऐनवेळी शोधावं लागता कामा नये.

फेब्रुवारी-मार्चमध्ये हंगाम संपतो, कारखान्याचा पट्टा पडतो. रातोरात कोप्या उठतात. शिकाऊ माणसाला वाटतं, मूल गेलं, आपलं काम संपलं. शिकवणीचा शेवटचा धडा इथं असतो. हमी कार्ड आईच्या हातात पोचलं का, मूल कुठवर शिकलंय हे कागदावर आहे का, गावाकडच्या गुरुजींना फोन झाला का? ‘पोरगी वर्गात बसली’ असं तिकडून कळेपर्यंत इथली केस बंद करायची नाही.

प्रशिक्षणाचं वेळापत्रक आखणाऱ्या अधिकाऱ्यांना, केंद्रप्रमुखांना आणि संस्थांना माझी विनंती आहे. ठरलेल्या दिवसांतले निम्मे दिवस कोप्यांवर, अंगणवाडीत आणि शाळेच्या फाटकाशी घालवू द्या. पहिल्या हंगामात नव्या माणसाला एकटं पाठवू नका, जोडीला जुनं माणूस द्या. त्यानं लिहिलेला कागद दर आठवड्याला कुणीतरी वाचावा आणि त्यावर त्याच्याशी बोलावं. याला मोठा निधी लागत नाही, अनुभवी माणसांचा वेळ लागतो. तो वेळ पुढच्या हंगामाची मोळी पडण्याआधी राखून ठेवा.